उस्तादाच्या नजरेची फी : लढतीच्या व्हिडिओ गेमची शिकवणी घ्यावी का?

आसगाव (ता. पवनी, जि. भंडारा)

शिकवणीला पैसे मोजण्याची सवय आता आपल्या समाजालाही लागली आहे. दहावी-बारावीची शिकवणी, कॉम्प्युटरचा क्लास, शिवणकाम, ड्रायव्हिंग यांची फी आई-बाप पोटाला चिमटा घेऊन भरतात आणि ती भरली पाहिजे याबद्दल कोणाचे दुमत नाही. परंतु आता काही घरांतून एक नवी मागणी ऐकू येऊ लागली आहे. मुलगा म्हणतो, “अब्बा, मला टेक्कन नीट शिकायचं आहे. एक मोठा खेळाडू तासाचे पैसे घेऊन शिकवतो.” यावर बाप एक तर संतापतो, नाही तर लाडापोटी मोबाइल काढून पैसे पाठवून मोकळा होतो. दोन्ही गोष्टी हिशेब न करताच होतात. हे पान व्यापाराचे आहे. तेव्हा या मागणीकडे रागाने किंवा लाडाने न पाहता घेणाऱ्या-देणाऱ्याच्या नजरेने पाहावे, असे आम्हांस वाटते.

व्हिडिओ गेम खेळावेत की नाहीत, कोणते खेळावेत, त्यांतील चित्रे कशी असावीत, हा प्रश्न उलमांचा आहे व वाचकांनी तो त्यांनाच विचारावा. ज्या घरात खेळाला परवानगी आहे आणि मुलगा नमाज, अभ्यास व कामधंदा सांभाळून खेळतो आहे, त्या घरापुरताच येथे विचार केला आहे.

मागणी कोठून आली?

लढतीचा गेम म्हणजे पडद्यावर दोन पहिलवान समोरासमोर उभे राहतात आणि दोन खेळाडू बटणे दाबून त्यांना लढवतात. १९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ आला आणि हा प्रकार जगभर गाजला. १९९४ साली नामको कंपनीने ‘टेक्कन’ आणला. ‘टेक्कन ३’ तर आपल्याकडील शहरांच्या व्हिडिओ पार्लरांत इतका चालला, की त्या पिढीतील पुष्कळांना आजही त्यातील पात्रांची नावे पाठ आहेत. ‘स्ट्रीट फायटर ६’ २०२३ मध्ये आणि ‘टेक्कन ८’ जानेवारी २०२४ मध्ये बाजारात आला.

पूर्वी हा निव्वळ वेळ घालवण्याचा उद्योग समजला जाई. आता तसे राहिलेले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्स हा विषय युवक व क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला. २०२३ साली चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ‘स्ट्रीट फायटर ५’ या गेमला पदक होते आणि भारतातर्फे मयंक प्रजापती व अयान बिस्वास हे दोघे त्यात उतरले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅपकॉम कंपनीच्या स्वतःच्या स्पर्धेत तैवानच्या एका खेळाडूने दहा लाख डॉलरचे पहिले बक्षीस जिंकले. त्याच वर्षी सौदी अरेबियातील रियाध येथे ई-स्पोर्ट्सचा विश्वचषक भरला. त्यात टेक्कनलाही जागा होती.

असे आकडे कानावर आले, की मुलांचे डोळे चमकतात आणि शिकवणी विकणाराही तेच आकडे पुढे करतो. येथेच पहिला हिशेब मनाशी पक्का करावा. बक्षिसाची ती रक्कम एका माणसाची आहे आणि तिच्यासाठी झटणारे जगभर पसरलेले आहेत. म्हणून बक्षिसाच्या आशेने शिकवणीची फी भरणे हा व्यापार नव्हे. ज्या धंद्यात परतावा एकालाच मिळतो आणि भांडवल सर्वांचे बुडते, त्या धंद्यात शहाणा व्यापारी आपल्या मुलाचे पैसे घालत नाही. फी द्यायची असेल तर ती खेळ सुधारण्यासाठी, आनंदासाठी आणि शिस्तीसाठी द्यावी. कमाईचे स्वप्न त्या फीत मोजू नये.

एक तास म्हणजे एक क्विंटल धान

आता फीकडे वळू. अमेरिका, युरोप, जपान येथील नामवंत खेळाडू इंटरनेटवरून तासाच्या हिशेबाने शिकवतात. अशा शिकवण्या जुळवून देणाऱ्या कंपन्याही निघाल्या असून अमेरिकेत २०२० साली सुरू झालेली मेटाफाय ही त्यांपैकी एक होय. समजा, एखाद्या उस्तादाने तासाचे २५ डॉलर सांगितले. रुपयांत ते दोन हजारांच्या वर जातात. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरवला. म्हणजे आमच्या चौरास भागातील शेतकऱ्याने चिखलणी, रोवणी, निंदण, कापणी, मळणी असे सगळे सोपस्कार करून पिकवलेले जवळजवळ एक क्विंटल धान त्या एका तासाला द्यावे लागते. हमीभावात त्याचा खर्च मिळवलेला असतो, निव्वळ नफा पाहिला तर एक क्विंटलही पुरणार नाही.

हा हिशेब मुलाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. एका तासात एक क्विंटल धानाइतके काही पदरात पडते का, हे त्याने स्वतःच ताडून पाहावे म्हणून सांगतो. पडत असेल तर फी महाग नाही. पडत नसेल तर ती शंभर रुपयांतही महागच.

फुकट काय मिळते आणि काय मिळत नाही

शिकवणीच्या विरोधात जे बोलतात त्यांचे पहिले म्हणणे असे, की सगळे ज्ञान फुकट मिळत असताना पैसे कशाला? हे म्हणणे निम्मे खरे आहे आणि ते निम्मे समजण्यासाठी खेळाची आतली रचना थोडी पाहावी लागेल.

या गेमचे चित्र एका सेकंदाला ६० वेळा बदलते. त्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. प्रत्येक ठोशाला किती फ्रेम लागतात, तो अडवला गेला तर मारणारा किती फ्रेम अडकून पडतो, हे सारे ठरलेले असते. टेक्कनमधील साधा झटपट ठोसा दहा फ्रेमचा, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागाचा असतो. या सर्व ठोशांचे तक्ते खेळाडूंनी तयार करून फुकट उपलब्ध केले आहेत. ‘स्ट्रीट फायटर ६’ मध्ये तर सराव करताना पडद्यावरच फ्रेमची पट्टी दिसते. ‘टेक्कन ८’ झालेल्या लढतीचे रेकॉर्डिंग दाखवताना ‘येथे तुला उलट ठोसा मारता आला असता’ असे स्वतःहून सांगतो आणि त्या क्षणापासून खेळून पाहण्याची सोयही देतो. मग ठोशांची यादी पाठ करवून घेण्यासाठी उस्तादाला तासाचे दोन हजार देणे म्हणजे पाढे शिकण्यासाठी प्रोफेसर लावण्यासारखे आहे. तेवढ्यापुरते विरोधकांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर.

पण दुसरी बाजूही पाहा. माणसाच्या डोळ्याने पाहून बोटाने बटण दाबेपर्यंत सेकंदाचा साधारण पाचवा ते चौथा भाग जातो. ठोसा येतो सहाव्या भागात. याचा सरळ अर्थ असा, की तो ठोसा पाहून कोणीही अडवू शकत नाही, जगज्जेतासुद्धा नाही. तो आधीच ओळखावा लागतो. समोरचा माणूस घाबरला की काय करतो, जिंकू लागला की काय करतो, मार खाल्ल्यावर उठताना कोणत्या बाजूला सरकतो, हे वाचावे लागते. म्हणजे हा खेळ बोटांच्या चपळाईपेक्षा सवयी वाचण्याचा आहे. हांगझोऊला सुवर्णपदक जिंकणारे दक्षिण कोरियाचे किम ग्वान-वू तेव्हा ४४ वर्षांचे होते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने सुवर्णपदक जिंकले, यातच सारे आले.

आता अडचण अशी, की समोरच्याच्या सवयी दिसतात, स्वतःच्या दिसत नाहीत. आपण प्रत्येक वेळी घाबरून एकच बटण दाबतो हे आपल्याला ठाऊक नसते. समोरच्याला ते तिसऱ्या लढतीत ठाऊक होते आणि मग आपण हरत राहतो. यंत्र ‘ठोसा चुकला’ एवढे सांगते, ‘तू घाबरतोस म्हणून चुकतोस’ हे सांगत नाही. ते सांगायला दुसऱ्या माणसाची नजर लागते. आमच्या मते शिकवणीत विकत घेण्याजोगी वस्तू ही एकच आहे. उस्तादाच्या हाताची, त्याच्या नावाची किंवा त्याच्या ढाल-चषकांची फी देऊ नये. त्याच्या नजरेची द्यावी.

लाहोरचा धडा

विरोधकांचे दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे. ते म्हणतात, मोठे खेळाडू शिकवणीला गेलेच नाहीत. उदाहरण म्हणून लाहोरच्या अर्सलान सिद्दीकचे नाव पुढे येते. ‘अर्सलान ऐश’ या नावाने खेळणाऱ्या या तरुणाने २०१९ साली जपानमधील ‘इव्हो जपान’ आणि अमेरिकेतील ‘इव्हो’ या दोन्ही मानाच्या स्पर्धा टेक्कनमध्ये जिंकल्या. तोवर जगाला त्याचे नावही फारसे माहीत नव्हते. पुढे २०२३ आणि २०२४ साली त्याने अमेरिकेतील इव्हो पुन्हा जिंकली. हा तासाची फी भरून तयार झालेला खेळाडू नव्हे. पार्लरमध्ये तोलामोलाच्या खेळाडूंशी समोरासमोर खेळून तो तयार झाला.

गोष्ट खरी आहे, पण तिचा अर्थ उलटा आहे. लाहोरच्या पोराला शिकवणी लागली नाही, कारण पार्लरमधील प्रत्येक प्रतिस्पर्धी त्याचा उस्तादच होता. हरवणारा शेजारीच उभा, हरल्यावर ‘तू का हरलास’ हेही तोच सांगणार. कोल्हापूरच्या तालमीत हेच चालत आले आहे. तेथे वस्ताद एकच असला तरी जोडीला उतरणारे मल्ल अनेक असतात आणि निम्मे डाव जोडीदाराच्या अंगाखाली शिकले जातात. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेसारखे मैदान उभारले, म्हणून तेथे मल्लांची गर्दी जमली आणि गर्दीतून मल्ल घडले.

आसगावसारख्या गावातील मुलाकडे ती गर्दी नाही. तो घरात एकटा बसून इंटरनेटवरून खेळतो. समोरचा कोण, कोठला, हे त्याला ठाऊक नसते. लढत संपली की तो माणूस निघून जातो, कारण सांगायला थांबत नाही. लाहोर आणि कोल्हापूरला जे शेजारात फुकट मिळाले, ते या मुलाला कोठून तरी विकत घ्यावे लागेल. म्हणून शहरातल्यापेक्षा खेड्यातल्या एकट्या मुलाला शिकवणीचा उपयोग अधिक, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु त्यातूनच दुसरा सल्लाही निघतो. आधी शेजार तयार होतो का ते पाहावे. गावात, तालुक्यात, नातेवाइकांत तीन-चार मुले जमली, सुटीच्या दिवशी एका ठिकाणी बसून खेळली, हरल्यावर एकमेकांना कारण सांगू लागली, तर शिकवणीची अर्धी गरज तेथेच संपते. उरलेल्या अर्ध्यासाठी चौघांनी मिळून एक उस्ताद धरावा. तासाचे ५०० रुपये असतील तर प्रत्येकी १२५ पडतात आणि एकाची चूक दाखवली की तिघे शहाणे होतात.

शिकवणी कोणी घेऊ नये?

ज्याने गेम घेऊन महिनाही झाला नाही त्याने घेऊ नये. त्याच्या चुका इतक्या आहेत, की उस्तादाला निवडताच येणार नाही. बांधीत चिखलणी न करता पऱ्हे विकत आणणाऱ्या शेतकऱ्यासारखी त्याची गत होईल. ज्याला आपण कशामुळे हरतो याचा एकही प्रश्न विचारता येत नाही, त्यानेही थांबावे. आणि ज्याच्या घरी फीचे पैसे किराण्यातून, औषधातून किंवा बहिणीच्या शाळेतून काढावे लागतात, त्याने तर या वाटेला जाऊच नये. विडीच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात आई सूप घेऊन बसते, हजारी भरते, छाट निघाली तर तिचे नुकसान सोसते. तिच्या मालाची पारख झाल्याशिवाय तिला पैसे मिळत नाहीत. तिच्या त्या पैशातून पारख न करता फी भरणे हा अन्याय आहे.

व्यवहार कसा ठरवावा?

शरीअतमध्ये मजुरीच्या कराराला इजारा म्हणतात. त्यात मोबदला किती आणि त्याबदल्यात काय मिळणार, या दोन्ही गोष्टी आधी स्पष्ट असाव्या लागतात. विद्येलाही मोल असते याचा दाखला सीरतमध्ये आहे. हिजरी सन २ मधील बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांची खंडणी म्हणून मदीनेतील दहा-दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्याचे काम ठरवले गेले. व्यापाऱ्याने यातील बारकावा पाहावा. मोजमाप तासांचे नव्हते. मुलांना लिहिता-वाचता येणे हे मोजमाप होते.

गेमच्या शिकवणीलाही हाच कस लावावा. त्यासाठी चार गोष्टी पाळाव्यात.

पहिली, हरलेल्या दोन-तीन लढतींचे रेकॉर्डिंग उस्तादाला आधी पाठवावे. खेड्यातील इंटरनेट अधूनमधून अडखळते. थेट खेळत शिकताना त्या अडखळण्यात निम्मा तास वाया जातो. रेकॉर्डिंग पाहून उस्तादाने बोलून किंवा लिहून चुका सांगितल्या तर वेळही वाचतो आणि फीही कमी ठरवता येते. शिवाय अवेळी जागावे लागत नाही. न्यूयॉर्कचे रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच होतात, हे आधी ध्यानात घ्यावे.

दुसरी, एका शिकवणीत एकच प्रश्न घ्यावा. ‘मला चांगला खेळाडू करा’ हा प्रश्न नव्हे. ‘मी जमिनीवरून उठताना दर वेळी मार का खातो?’ हा प्रश्न आहे.

तिसरी, महिन्याची फी एकदम भरू नये. एक तास घ्यावा, दोन-तीन आठवडे सराव करावा आणि तीच चूक आता किती वेळा होते ते वहीत मांडावे. वीस लढतींत पूर्वी पंधरा वेळा होणारी चूक पाचवर आली असेल तर पैसे वसूल झाले. पंधराची पंधराच राहिली तर उस्ताद बदलावा.

चौथी, मोठा खेळाडू म्हणजे चांगला शिक्षक असे समजू नये. ज्याला सगळे सहज येते त्याला आपल्याला ते का येते हे पुष्कळदा सांगता येत नाही. मधल्या दर्जाचा, पण हिंदी-मराठीत समजावून सांगणारा खेळाडू नवशिक्याला अधिक उपयोगी पडतो आणि त्याची फीही रुपयांत असते.

दोन गोष्टींपासून दूर राहा

शिकवणीच्या नावाखाली दोन वाईट माल विकले जातात. एक, ‘तुझे खाते दे, मी खेळून तुझा दर्जा वर नेतो’ असे सांगणारा. हे उघड खोटेपण आहे. मुलगा काहीच शिकत नाही, खाते बंद होण्याचा धोका असतो आणि खोट्या दर्जाची सवय लागते. दुसरा, पैसे लावून लढत खेळायला बोलावणारा. दोघांनी पैसे लावायचे आणि जिंकणाऱ्याने न्यायचे, हा जुगार आहे. त्याला शिकवणी म्हटल्याने तो हलाल होत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यानेही पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली असून ई-स्पोर्ट्सला त्यापासून वेगळे मानले आहे. शिकवण्याची फी ही मेहनतीची मजुरी आहे, पैज हा जुगार आहे. या दोहोंतील रेषा मुलांना घरातच समजावून द्यावी.

शिकवणाऱ्यांसाठी दोन शब्द

आपल्या समाजात उत्तम खेळणारे तरुण आहेत. त्यांपैकी काहींना शिकवण्याचीही हातोटी असेल. त्यांनी फी सांगताना लाजू नये आणि ओळखीच्यांनी ‘आपलाच पोरगा’ म्हणून फुकट मागू नये. मजुराची मजुरी वेळेवर चुकती करण्याची आपल्या दीनची सक्त ताकीद आहे आणि ती उस्तादालाही लागू आहे. मात्र शिकवणाऱ्याने दर आधी सांगावा, वेळ पाळावी, घेतलेल्या पैशाची नोंद ठेवावी, करपात्र असेल तर कर भरावा आणि मुख्य म्हणजे बक्षिसाच्या लाखांची स्वप्ने दाखवून शागिर्द जमवू नयेत. ज्याला शिकवणीची गरज नाही त्याला ‘अजून दोन महिने स्वतः खेळ, मग ये’ असे सांगणारा उस्ताद आज एक गिऱ्हाईक गमावतो, पण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून चार घरे त्याच्याकडे येतात.

पालकांनी संतापू नये आणि लाडही करू नयेत. मुलाने फी मागितली तर त्याला एवढेच विचारावे, “तुझी चूक कोणती, ते आधी एका ओळीत लिहून आण.” ती ओळ लिहिता आली तर त्याला उस्तादाची फी जरूर द्यावी. लिहिता आली नाही तर त्याला पुन्हा खेळायला आणि विचार करायला पाठवावे. ती ओळ शोधता शोधताच अर्धी शिकवणी फुकट होऊन जाते. अल्लाह आपल्या मुलांच्या मेहनतीत आणि आपल्या कमाईत बरकत देवो.